ताईचं ऐकतात

शिंपीबुवा पलंगाच्या कडेला आधाराशिवाय बसले, तेव्हा घरादाराला आनंद झाला. फक्त त्यांच्या बायकोच्या पोटात दुखलं.

लग्न झाल्यापासून ती "अहो, पाठ सरळ ठेवा" म्हणत आली होती आणि बुवा मशीनवर वाकूनच बसत आले होते. पक्षाघाताने डावी बाजू गेल्यावर तर बसवलं की ते डावीकडे कलंडायचे. उशा लावून लावून बायको थकली. मग व्यायाम शिकवणारी ताई आली. तिने उशा बाजूला केल्या, बुवांची दोन्ही पावलं जमिनीवर टेकवली आणि म्हणाली, "काका, ताठ बसा बरं." काका बसले. वर हसलेसुद्धा.

ताईने सगळ्यांना समजावलं की आधी धडाला तोल सापडायला हवा, उभं राहणं नंतरचं. डाव्या अंगावर भार टाकायला काका घाबरतात, ती भीती गेली की पुढचं सोपं. बायकोच्या डोक्यात त्यातलं काही शिरलं नाही. ताई यायच्या वेळी बुवा दाढी करून मागतात आणि इस्त्रीचा सदरा मागतात, एवढंच तिला दिसत होतं. सदऱ्याची बटणं तीच लावायची, पण हल्ली गळ्याचं बटण जरा आवळून.

एकदा ताईची सुट्टी होती. बायकोने पदर खोचला. ताईसारखाच तिने डाव्या बाजूला चष्मा धरला आणि बुवांना तो घ्यायला सांगितलं. बुवा हलेनात.

"तिच्यासमोर बरं जमतं?"

"ती ओरडत नाही," बुवा म्हणाले.

झालं. यात अवघड ते काय, हे दाखवायला बायको स्वतःच त्यांच्या शेजारी पलंगाच्या कडेला बसली, दोन्ही हात हवेत धरून डावीकडे झुकली आणि चादरीसकट खाली गेली. बुवा मात्र जागचे ढळले नाहीत. सून धावत आली. सासऱ्यांना धरावं की सासूबाईंना उचलावं, हे तिला क्षणभर कळेना.

बायकोची कंबर धरली. डॉक्टरांनी तपासून व्यायाम सांगितला आणि ताईने आपल्या दवाखान्यातला एक उंचापुरा, मऊ आवाजाचा तरुण बरोबर आणला. बायकोची खाट पलीकडच्या खोलीत होती, बुवांच्या डाव्या हाताच्या दारातून दिसेल न दिसेल अशी.

"मावशी, या वयात इतकी सरळ पाठ मी पाहिली नाही," तो म्हणाला. मावशी लाजून हसल्या.

"ती हसतेय कशाला?" बुवांनी सुनेला विचारलं.

"व्यायाम चाललाय, बाबा."

थोड्या वेळाने बायकोची नजर सहज दाराकडे गेली. बुवा कडेला बसून, डाव्या हातावर सगळा भार टाकून, मान लांब करून आत डोकावत होते. मग आपले आपण सरळ झाले आणि पुन्हा झुकले. ताई समोर उभी राहून "काका, इकडे बघा" म्हणत होती. काकांना ऐकू येत नव्हतं.

तरुणाने सामान आवरलं. मावशींची कंबर मोकळी झालीय, आता उद्यापासून यायची गरज दिसत नाही, असं तो म्हणाला.

बायको उठता उठता पुन्हा आडवी झाली आणि दारापलीकडे जाईल अशा बेताने कण्हली.

"अजून महिनाभर तरी यावं लागेल रे बाळा," ती म्हणाली. "आणि जाताना ते दार लोटू नकोस."