गद्र्यांचा प्लॅटिनम प्लॅन

"आजपासून या घरात कुणीही खुशाल आजारी पडा!"

मार्चमधल्या एका संध्याकाळी मोहनराव गद्र्यांनी दारातच बुटांच्या नाड्या सोडता सोडता ही घोषणा केली. आशा स्वयंपाकघरात पिठलं ढवळत होती. तिला वाटलं, नवऱ्याला ताप भरलाय.

"अहो, डोकं दुखतंय का?"

"दुखू दे! दुखायलाच पाहिजे! प्लॅटिनम घेतलाय मी, प्लॅटिनम!"

लंडनजवळच्या स्लाऊ गावात, ट्रेडिंग इस्टेटमधल्या ज्या कंपनीत मोहनराव कॉम्प्युटर सांभाळत, तिथे दर मार्चमध्ये वेबसाइटवर पंधरा दिवस एक 'विंडो' उघडत असे. तेवढ्या दिवसांत प्रत्येकानं पुढच्या वर्षाचा हेल्थ इन्शुरन्स निवडायचा. ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड नाही तर प्लॅटिनम. पंधरवडा संपला की विंडो बंद, आणि जे निवडलं ते पुढच्या एप्रिलपर्यंत गळ्यात!

बाकीची मंडळी ब्रॉन्झवर टिक करून चहाला जात. या देशात सरकारी डॉक्टर फुकट आहे, मग वर आणखी कशाला, असा त्यांचा सरळ विचार. मोहनराव असल्या उथळ लोकांतले नव्हते. वॉशिंग मशीन निवडायला त्यांनी तीन महिने अभ्यास केला होता, आणि ते तीन महिने आशानं हातानं कपडे धुतले होते. इन्शुरन्सच्या चारही माहितीपत्रकांवर त्यांनी पिवळा, हिरवा आणि गुलाबी मार्कर फिरवला. प्लॅटिनमच्या पत्रकात खाजगी हॉस्पिटलमधल्या खोलीचा फोटो होता. टेबलावर ट्यूलिपची फुलं, पलंगावर एक गुलाबी, ठणठणीत पेशंट आणि त्याच्या हातात चक्क मेनूकार्ड! खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की जेवणाबरोबर वाइनही मिळेल. मोहनराव वाइन पीत नसत, पण मिळतेच आहे म्हटल्यावर सोडायची कशी?

अडचण एकच होती. इन्शुरन्ससाठी कंपनीनं दिलेले पॉइंट्स प्लॅटिनमला पुरत नव्हते. पडद्यावर लाल पट्टी आली आणि पट्टीखाली एक बटण आलं: 'कमी पडत असल्यास वार्षिक सुट्टीतले पाच दिवस विका.' मोहनराव खुर्चीतून उडालेच! सुट्टी विकता येते? जुनी वर्तमानपत्रं विकावीत तशी? नाही तरी त्यांची सुट्टी लॉनवरचं गवत कापण्यात आणि आशा सांगेल तिथे शेल्फं ठोकण्यातच जायची. त्यांनी बटण दाबलं. पट्टी हिरवी झाली. या पाच दिवसांबद्दल घरी सांगायचं राहून गेलं, असं ते अजूनही म्हणतात. राहून कसं गेलं ते विचारलं की त्यांना खोकला येतो.

झालं! एप्रिल गेला, मे गेला, पण घरात कुणी शिंकेना. मोहनरावांच्या जिवाची नुसती तगमग! घेतलेली वस्तू वसूल झाली नाही की मराठी माणसाला जेवण गोड लागत नाही. ते रोज सकाळी टॉर्च घेऊन ईशानीचा घसा तपासू लागले.

"टॉन्सिल्स जरा सुजलेत का गं?"

"बाबा, स्टॉप इट! माझी घसा ओके आहे!" बारा वर्षांची, स्लाऊमध्येच जन्मलेली ईशानी ओरडायची.

सप्टेंबरात पुण्याहून आशाच्या आईचा फोन आला आणि आशा फोनवरच रडू लागली. आनंदानं! तिचा धाकटा भाऊ विनय, वय वर्षं अडतीस, अखेर लग्नाला तयार झाला होता. मुहूर्त डिसेंबरातला, नाताळच्या ऐन तोंडावर.

"अहो, बाबा असते तर आई-बाबा बसले असते," आशा डोळे पुसत म्हणाली. "आता आई म्हणते, पुण्याहवाचनाला, ग्रहमखाला, सगळ्या विधींना तुम्ही दोघांनी जोडीनं बसायचं. बाबांच्या जागी, अहो! मी आजच तिकिटं काढते. तुमची सुट्टी आहे ना?"

"आहे की! म्हणजे... असणारच!"

त्या रात्री मोहनरावांनी हिशेब मांडला. वरून मांडला, खालून मांडला, नाताळची सरकारी सुट्टी दोनदा मोजून पाहिली. लग्न उरकून मंडपवाला बांबू काढायला लागेल, त्या दिवशी मोहनराव पुण्यात पोचत होते. बरोबर पाच दिवस कमी!

दुसऱ्या दिवशी ते एच.आर.च्या ब्रेंडाकडे गेले. ब्रेंडा प्रेमळ बाई. तिच्या टेबलावर बिस्किटांचा डबा नेहमी उघडा असे.

"ब्रेंडा, माझे पाच दिवस मला परत हवेत. तुमचा प्लॅटिनम घ्या, मला ब्रॉन्झ द्या. नको, काहीच देऊ नका!"

"विंडो बंद झाली, मोहन. आता एकदम एप्रिल."

"काहीच मार्ग नाही?"

"आयुष्यात काही मोठा बदल झाला तरच मधे निवड बदलता येते. लग्न केलंस का तू?"

"झालंय माझं. सोळा वर्षं झाली."

"मग बाळ?"

मोहनरावांच्या डोळ्यांपुढे आशाचा चेहरा आला. त्यांनी जोरात मान हलवली.

"घरात कुणाचा मृत्यू?"

"नाही, नाही! भलतंच काय!"

"मग राहिलं एकच. घटस्फोट."

आता मोहनराव पडले कॉम्प्युटरवाले. चार पर्यायांतले तीन बाद झाले की चौथ्याची नीट चौकशी करायची, ही त्यांची कामाची पद्धत. त्यांनी अगदी शास्त्रीय कुतूहलानं विचारलं, "त्याला पुरावा काय लागतो?"

ब्रेंडाच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं! तिनं उठून दार लावलं, टिश्यूचा खोका मोहनरावांपुढे सरकवला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"ओ मोहन! मला कळायला हवं होतं. तू हल्ली किती ओढलेला दिसतोस!"

"अहो, मी फक्त विचारतोय—"

"काही बोलू नकोस. सगळे आधी असंच म्हणतात."

मोहनराव बाहेर आले ते हातात एक निळं पत्रक घेऊन. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: 'विभक्त होताना: तुम्ही एकटे नाही.' आणि खरोखरच ते एकटे नव्हते. समोर शशी कामत उभा होता! शशी त्यांच्याच विभागात होता आणि मराठी मंडळाचा सेक्रेटरीही होता. त्यानं पत्रक वाचलं, मोहनरावांकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक अक्षर बोलला नाही. सगळं बोलणं त्यानं घरी जाऊन बायकोशी बोलण्यासाठी राखून ठेवलं होतं.

शनिवारी फार्नम रोडवरच्या किराणा दुकानात आशा मेथीची जुडी निवडत असताना शशीची बायको सुमन आली आणि तिनं आशाला मेथीसकट मिठी मारली.

"आशा, तू काही काळजी करू नकोस. पुरुषांची जातच मेली तसली! कोण आहे गं ती? ऑफिसातली का?"

आशा घरी आली ती मेथी न घेताच. मोहनराव सोफ्यावर क्रिकेट बघत होते. तिनं टी.व्ही. बंद केला.

"कधी सोडताय मला?"

"कुठे? स्टेशनवर का?"

"घटस्फोट म्हणते मी! अख्ख्या स्लाऊला ठाऊक आहे, मीच काय ती शेवटची!"

जिन्यावरून ईशानीचा आवाज आला. "बाबा, तू आईला डिव्होर्स करतो? जेसिकाच्या डॅडनी केला ना, तिला ख्रिसमसला प्रेझेंट दोन मिळते!"

मग मोहनरावांना सगळं सांगावंच लागलं. प्लॅटिनम, लाल पट्टी, बटण, पाच दिवस. आशा ऐकत गेली, आणि ऐकता ऐकता तिचा राग उतरण्याऐवजी चढतच गेला.

"म्हणजे माझ्या भावाच्या लग्नाची सुट्टी तुम्ही विकलीत? मेनूकार्डासाठी?"

"तेव्हा विनयचं कुठे ठरलं होतं? अडतीस वर्षं जो माणूस हलला नाही, तो याच वर्षी—"

"दुसरी बाई असती ना, तर तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या मी! या प्लॅटिनमचं काय उपटू?" आणि ती खरोखर रडली. "बाबांच्या जागी बसायचं होतं हो आपल्याला."

मोहनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोळा वर्षांत या बाईनं माहेरचं म्हणून एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती त्यांनी एका माउसच्या क्लिकनं घालवली होती.

सोमवारी मात्र देव पावला! ब्रेंडानं मॅनेजरशी बोलून त्यांना पाच दिवसांची खास सुट्टी मंजूर करून आणली होती. 'कौटुंबिक दुःखातून सावरण्यासाठी.' मोहनराव पत्र नाचवत घरी आले. आशानं ते दोनदा वाचलं.

"माझ्यापासून घटस्फोट घेतोय म्हणून मिळालेल्या सुट्टीत तुम्ही माझ्या शेजारी जोडीनं बसणार? माझ्या भावाच्या लग्नात? जा आणि परत करा ते!"

मोहनरावांनी परत केलं. 'माझा संसार सुखाचा आहे' असं एच.आर.मध्ये जाऊन सांगणारा त्या कंपनीतला तो पहिलाच माणूस असावा. ब्रेंडाला आधी आनंद झाला आणि मग राग आला. बिस्किटांचा डबा मोहनरावांसाठी कायमचा बंद झाला. बिनपगारी सुट्टीलाही मॅनेजर नाही म्हणाला. डिसेंबरात सगळे सर्व्हर नव्या इमारतीत हलवायचे होते ना! शेवटी फार गयावया केल्यावर तो एवढंच म्हणाला, की शनिवार-रविवार येऊन काम आधी संपवलंस, तर त्याच्या बदल्यात पाच दिवस घे.

मोहनराव भिडले! ऑक्टोबर-नोव्हेंबरचे सगळे शनिवार-रविवार त्यांनी थंडगार गोडाउनमध्ये सर्व्हरची धुडं उचलण्यात घालवले. आशा रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारी, "मिळाली का सुट्टी?" आणि एका शुक्रवारी मॅनेजरनं सही केलेला कागद त्यांनी तिच्यापुढे धरला. पाचच्या पाच दिवस! आशा हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा! तिनं त्या रात्री शिरा केला.

उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी मोहनराव गाणं गुणगुणत माळ्यावर चढले, मोठी बॅग ओढायला खाली वाकले आणि तिथेच राहिले.

म्हणजे वाकलेलेच राहिले! पाठीत अशी उसण भरली की वर होता येईना आणि खाली उतरता येईना. आशा आणि ईशानीनं मिळून त्यांना शिडीवरून कपाटासारखं खाली आणलं.

"आशा... प्लॅटिनम!" ते कण्हत म्हणाले. "नंबर फ्रिजवर आहे! अखेर वसूल होतोय बघ!"

फोनवरची मुलगी फारच गोड बोलत होती. खोली तयार आहे म्हणाली. मेनूकार्डही पाठवते म्हणाली. फक्त त्याआधी पाठीच्या स्पेशालिस्टनं तपासायला हवं.

"मग पाठवा ना त्यांना!"

"सॉरी, मिस्टर गॅड्री. ते नववर्षापर्यंत सुट्टीवर आहेत. गोव्याला."

शेवटी सरकारी डॉक्टरच आला. फुकट. त्यानं मोहनरावांना सोफ्यावर आडवं केलं, वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि सक्त ताकीद दिली. संपूर्ण विश्रांती, विमानाचं तर नावही नको, आठवडाभरानं पुन्हा बघू. ऑफिससाठी त्यानं चिठ्ठीही लिहून दिली. आजारपणाची सुट्टी, पाच दिवस!

सकाळी निघताना आशानं त्यांच्या पाठीखाली गरम पाण्याची पिशवी सारली. ती चिडली नाही, तेच मोहनरावांना जास्त लागलं. "काका-काकूंना सांगितलंय विधींना बसायला," ती म्हणाली. "आईला पाठीचं बोलले नाही, ऐन लग्नात घोर लावून घेईल. सुट्टी नाही मिळाली म्हटलंय." मग तिनं त्यांच्या पाकिटातून प्लॅटिनमचं चकचकीत कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. "हे असू द्या. सोबतीला!"

आशा मुलीला आणि बॅगांना घेऊन गेली, हे समोरच्या कुणी तरी पाहिलं असावं. लग्नाच्या दिवशी सकाळी शशी आणि सुमन डबा घेऊन हजर! सुमननं सोफ्यावर निपचित पडलेले मोहनराव पाहिले आणि तिचे डोळे भरून आले.

"गेलीच ना हो शेवटी, भावोजी? थोडा जिरे राइस खा. असं अन्न टाकून कसं चालेल?"

"अहो वहिनी, ती लग्नाला गेलीय!"

"एवढ्यात दुसरं लग्न?" शशी मटकन खुर्चीत बसला.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे सनई वाजत होती. आशानं मोबाईल थेट मंगलाष्टकांपाशी धरला होता. 'शुभमंगल सावधान' ऐकू आलं आणि मोहनरावांना भरूनच आलं. अक्षता कुठल्या आणायच्या? त्यांनी डब्यातला मूठभर जिरे राइस घेतला आणि पडल्या पडल्या समोरच्या टी.व्ही.वर उधळला. दुसऱ्या 'सावधान'ला पुन्हा! शशी-सुमननं एकमेकांकडे पाहिलं. दुःखानं माणसाचं डोकं फिरतं हे त्यांनी ऐकलं होतं, आज समोर बघत होते.

मग फोनवर सासूबाई आल्या.

"जावईबापू, काका-काकूंच्या पाटांकडे बघून सारखी तुमची आठवण येत होती हो. शेवटपर्यंत सुट्टी दिलीच नाही का त्या मेल्यांनी?"

मोहनरावांनी नाकावरचं शीत काढलं.

"दिली ना, आई. पाच दिवस ऑफिसनं दिले, वर पाच डॉक्टरनं दिले."

"अगंबाई, दहा दिवस! मग आहात कुठे?"

"सोफ्यावर!"