आहेराचं कापड

आहेरात आलेलं कापड आमच्यात सहसा कोणी शिवत नाही. कपाटात ठेवायचं, पुढच्या मुंजीला दुसऱ्याला द्यायचं, त्याने तिसऱ्याला. उज्जैनच्या मराठी घरांतून काही शर्टपीस असे वर्षानुवर्षं फिरताहेत. त्यांचा प्रवास संपतो तो आमच्या अरुणमामांच्या दारात.

मामा रेल्वेतून निवृत्त. आलेलं प्रत्येक कापड ते देवास गेटजवळच्या टेलरकडून शिवून घेतात आणि घालून थेट देणाऱ्याच्या घरी चहाला जातात. "पहा, तुमचा शर्ट. जचतो ना?" मग तो पोपटी असो की जांभळ्यावर पिवळे ठिपके. देणारा ओशाळतो, कारण त्याने ते घडी न मोडताच पुढे ढकललेलं असतं. एका वहिनींनी तर धसका घेऊन नुसता नारळ द्यायला सुरुवात केली. मामा त्याची बर्फी करून घेऊन गेले. "तुमचाच नारळ, वहिनी."

जरा रंग बघून शिवत जा म्हटलं, की उत्तर ठरलेलं. "कोणी दिलंय ना? मग घालायचं. ठेवून द्यायला मी काय दुकान आहे?"

माझ्या मुलीचा साखरपुडा होता. इंदूरच्या व्याह्यांनी कळवलं, फोटोसाठी सगळ्यांनी हलके रंग घाला. आम्ही झाडून सगळे बदामी झालो. मी गळ्याशी काचणारा बंदगळा घालून श्वास रोखून हसत होतो. एवढ्यात मामा आले. भडक नारिंगी शर्ट, खिशाला मोरपंखी पट्टी. व्याहीणबाईंनी हळूच विचारलं, "ये बैंडवाले हैं क्या?"

मी मामांना जिन्याखाली नेलं, एक जादा कुर्ता हातात दिला. "मामा, आजच्या दिवस तरी आमची लाज राखा."

ते रागावले नाहीत. बटणं काढता काढता म्हणाले, "हा एकच शिवून ठेवून दिला होता रे. तुझ्या घरच्या कार्याला घालायचा म्हणून. तूच दिलेला, मामी गेली तेव्हा, दुखवट्याला."

मला आठवेना.

"कापड घेताना माणूस घडीभर तरी आपल्याला डोळ्यांपुढे आणतो," शर्टाची घडी करत ते म्हणाले. "आता माझ्यासाठी दुकानात कोण उभं राहतं?"

खरं सांगतो, मीही उभा राहिलो नव्हतो. ते कापड कुठून तरी आलेलं. बायकोने पिशवीत टाकलं, मी दिलं. दुखवट्याला नारिंगी, हेसुद्धा मी पाहिलं नव्हतं. त्या जिन्याखाली हे बोलायला हवं होतं. मी नुसतं म्हणालो, चला, फोटोला उशीर होतोय.

फोटोत मामा शोधावे लागतात.

परवा टावर चौकातल्या एका कापडाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "उनको कौन-सा रंग पसंद है?" मामांच्या अंगावर इतके रंग पाहिले, त्यांना आवडणारा कोणता, ते मला माहीत नव्हतं. तिथूनच फोन लावला.

"मामा, तुमच्यासाठी कापड घेतोय. रंग कोणता आवडतो तुम्हाला?"

पलीकडे त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "थांब हं. विचार करू दे."

दुकानदाराने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मोर्चा वळवला. मी फोन कानाशी धरून थांबलो.