उलटा पीळ

थोरलीने धाकट्या जावेचा स्वेटर जेवणाच्या टेबलावर पसरला, चष्मा लावला आणि त्यात चूक शोधायला बसली.

स्वेटर चार वर्षांच्या मुलीच्या मापाचा होता. जाड लोकर, निळा रंग, पुढच्या भागावर तीन वेण्या. धाकटी सकाळीच दोन दिवसांसाठी माहेरी गेली होती. जाताना ती खालच्या मजल्यावरून वर येऊन म्हणाली होती, "ताई, शनिवारी तुमची शाल स्पर्धेला द्याल ना, तेव्हा माझं हे पण देऊन टाका."

"देईन की," थोरली म्हणाली होती. मूत्रपिंड मागितल्यावर माणूस ज्या आवाजात "बघतो" म्हणतो, त्या आवाजात.

कोपऱ्यावरच्या लोकरीच्या दुकानात दर वर्षी लोकर सप्ताह व्हायचा. मेंढ्यांची लोकर कातरणारे यायचे, चरख्यावर सूत काढणाऱ्या बायका यायच्या, कोपरापर्यंत हात रंगलेला रंगारी यायचा. शेवटच्या दिवशी विणकामाची स्पर्धा. पहिला नंबर वर्षभर दुकानाच्या दर्शनी काचेत. ती काच सात वर्षं थोरलीची होती. दूध शेजारच्याच इमारतीत मिळत असूनही ती ते या काचेसमोरून वळसा घालून आणायची.

धाकटीला सुया धरायला तिनेच शिकवलं होतं, तीन वर्षांपूर्वी, मोठ्या मनाने. शिष्या वाईट विणते तोवर मन मोठं ठेवायला काहीच खर्च पडत नाही.

"सापडली!" थोरली ओरडली.

तिच्या नवऱ्याने पेपर खाली केला. "काय हरवलं होतं?"

"मधली वेणी बघा. खालून चौथा पीळ. बाकी सगळे उजवीकडे आणि हा एकटा डावीकडे!"

"मला तर छान दिसतंय."

"तुम्हाला ती पण छानच दिसते, 'भाऊजी भाऊजी' करून चहा देते म्हणून." थोरलीच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला होता की नवऱ्याला क्षणभर लग्नाचा अल्बम आठवला. "परीक्षकांना कळल्याशिवाय राहायचं नाही. म्हणतील, पीळ घालायला शिकवलं कोणी हिला?"

"कोणी शिकवलं?" नवऱ्याने विचारलं.

उजेड गेला. शिकवलं कोणी हे गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. तिनेच सांगितलं होतं.

"एवढा एक पीळ दुरुस्त करते," ती म्हणाली. "पाच मिनिटांचं काम."

वेणीचे सहा टाके पिळापर्यंत सोडायचे, पीळ सरळ करायचा आणि टाके पुन्हा वर आणायचे. पण टाके सोडायला वरचा गळा उघडावा लागतो. गळा उघडण्यासाठी खांद्याची शिवण उसवावी लागते. थोरलीने शिवण उसवली, गळा उघडला, सहा टाके सोडले. त्यांच्यामागोमाग शेजारचे चौदा टाके, कोणी बोलावलेलं नसताना, निघाले. दुपारी दोन वाजता स्वेटरचा पुढचा भाग टेबलाखाली कुरळ्या लोकरीच्या ढिगाच्या रूपात पडला होता आणि थोरली त्याच्याकडे, आपण इथे नवीनच आलो आहोत, अशा चेहऱ्याने बघत होती.

"पाच मिनिटं झाली का?" नवऱ्याने विचारलं.

"बडबडू नका. हात पुढे करा."

उसवलेली लोकर तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. आधी ती वाफेवर सरळ करावी लागते. नवऱ्याच्या पसरलेल्या दोन हातांवर लोकर गुंडाळून थोरली खालून किटली फिरवू लागली.

"अगं, नाकाला खाज सुटलीय."

"हलू नका. नाक कुठे जात नाही."

शुक्रवारी सकाळी पुढचा भाग पुन्हा विणून झाला. सुंदर झाला. फारच सुंदर झाला, हीच पंचाईत. थोरलीचा हात सैल आणि एकसारखा, धाकटीचा घट्ट. नवा पुढचा भाग जुन्या पाठीच्या शेजारी ठेवला तर मुलगी पुढून पाच वर्षांची आणि मागून तीन वर्षांची वाटली असती.

"पाठ उसवावी लागणार," थोरली म्हणाली.

"आणि बाह्या?"

"त्या राहू दे."

बाह्या राहिल्या नाहीत. दुपारी नवऱ्याचे हात पुन्हा हवेत होते. दोनदा दाराची बेल वाजली. दोन्ही वेळा तो नुसता "कोण आहे?" म्हणाला, आणि जो कोणी होता तो कंटाळून गेला.

शनिवारी सकाळी स्वेटर तयार झाला. त्यात धाकटीचं आता फक्त लोकर आणि बटणं एवढंच उरलं होतं. तेव्हा थोरलीला आठवलं, की आपल्या शालीची वीतभर किनार राहिली आहे. ती तिने एका हातात पोळी धरून पूर्ण केली.

दुकानात खुर्च्या भरल्या होत्या. धाकटी परस्पर तिथेच आली होती. परीक्षक होते लोकर कातरणारे एक आजोबा. पन्नास वर्षं मेंढ्या हाताळलेला माणूस. ते डोळे मिटून एकेक वस्तू मानेला लावत होते. थोरलीची शाल त्यांनी लावली, किनारीपाशी थांबले आणि म्हणाले, "हात चांगलाय. पण बाईंचं लक्ष दुसरीकडेच होतं." मग निळा स्वेटर लावला आणि बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत. दुकानदाराला वाटलं, झोप लागली.

"याला म्हणायचा हात," आजोबा शेवटी म्हणाले. "काय सैल, काय सारखा! पहिला नंबर!"

टाळ्या पडल्या. "शिष्येने गुरूला मागे टाकलं!" दुकानदार ओरडला. थोरली उठून उभी राहिली. "अहो, तो..." ती म्हणाली. पुढे काय म्हणायचं? दुसऱ्याचा स्वेटर मी न विचारता उसवला? ती खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतःच्याच विणकामाचा जीवघेणा हेवा वाटत होता.

"पोटात दुखतंय का?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"गप्प बसा."

धाकटीने स्वेटर हातात घेतला. बाही उलटी करून आतली बाजू पाहिली. मग पाठ पाहिली, गळा पाहिला. मग थोरलीकडे पाहिलं. सगळ्यांकडे बघून हसत तिने स्वेटर काचेत ठेवायला दिला आणि थोरलीच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली.

"ताई," ती कानाशी म्हणाली, "पुढच्या वर्षी मी नुसती लोकर ठेवून माहेरी जाऊ का?"

थोरली काचेकडे बघत होती. दुकानदार स्वेटरखाली धाकटीच्या नावाची चिठ्ठी लावत होता. स्वेटर खरोखरच अप्रतिम दिसत होता.

"जा," ती दात आवळून म्हणाली. "पण रंग मी निवडणार."