शेवटच्या चित्राच्या पाठीवर

कुसाकाबाईंच्या पहिलीच्या वर्गात अकरा मुलं होती आणि एप्रिलपासून सगळ्यांच्या वह्यांत एकच गोष्ट लिहिलेली होती. 'आज डोंगरावर गेलो. मजा आली.' 'आज माझा दात पडला. मजा आली.' गेन्तानं तर 'आज आजोबांना दवाखान्यात नेलं. मजा आली,' असंही लिहिलं होतं. 'सगळ्यांच्या' म्हणणं तसं चुकीचंच, कारण चिसे नावाची मुलगी तेवढंही लिहीत नसे. नोव्हेंबर उजाडला तरी तिची वही कोरी होती. पेन्सिलीला टोक मात्र ती रोज सुंदर काढून आणायची.

आणि शुक्रवारी उघडा तास होता. उघडा तास म्हणजे आजूबाजूच्या शाळांतले वीस शिक्षक वर्गाच्या मागे भिंतीला टेकून उभे राहतात, हातातल्या फळीवर काहीतरी टिपत बसतात आणि नंतर चहा पिता पिता अत्यंत गोड शब्दांत तुमची साल काढतात. शिक्षण कार्यालयातून तोकिनागासाहेब येणार होते. गेल्या वर्षी तास बघून ते एवढंच म्हणाले होते, "मुलं छान बसतात." ते वाक्य बाईंच्या काळजात वर्षभर रुतून बसलं होतं.

या वेळी बाईंनी बेत रचला. गोष्टीची चार पावलं असतात: सुरुवात, मग ती पुढे जाते, मग कलाटणी आणि मग शेवट. सोमवारी तीन पावलं सांगायची, चौथं दडवून ठेवायचं आणि शुक्रवारी चार चौकोनांचा कागद देऊन शेवट मुलांकडूनच लिहून घ्यायचा. अडगळीच्या खोलीत त्यांना जुन्या कामिशिबाईचा आठ चित्रांचा संच सापडला. हातानं काढलेले जाड पुठ्ठे, लाकडी चौकटीत घालून एकेक सरकवत गोष्ट सांगायची. शेवटचं, आठवं चित्र त्यांनी तासाच्या आराखड्याला जोडून पाकिटातून तोकिनागासाहेबांकडे पाठवून दिलं. तसा नियमच होता.

आता, कामिशिबाईच्या पुठ्ठ्यांची एक खोड असते. समोर दिसणाऱ्या चित्राचा मजकूर त्याच चित्राच्या पाठीवर नसतो. सांगणारा मागे उभा असतो आणि सरकवलेला पुठ्ठा मागे जाऊन बसतो, म्हणून दुसऱ्या चित्राचा मजकूर पहिल्याच्या पाठीवर, तिसऱ्याचा दुसऱ्याच्या. आणि पहिल्याचा? तो शेवटच्या चित्राच्या पाठीवर. आमच्याकडच्या कुठल्याही बाईंना झोपेतून उठवून विचारा, सांगतील. कुसाकाबाई जाग्या होत्या, म्हणून विसरल्या.

सोमवारी मुलं चौकटीसमोर बसल्यावर बाईंनी मागे पाहिलं तर सुरुवातीच्या जागी गोष्टीचा शेवट लिहिलेला. सुरुवात पाकिटातून टपालानं गेलेली. समोर पहिलं चित्र: धुकं, शाळेचं फाटक आणि पाठमोरी उभी असलेली एक पांढरी आकृती. अकरा तोंडं उघडी. बाईंनी घसा खाकरला आणि सुचेल ते ठोकून दिलं.

"एका शाळेत एक कुणीतरी आली. ती कोण, कुठून आली, कुणालाच ठाऊक नव्हतं."

पुढची चित्रं मात्र त्यांनी प्रामाणिकपणे वाचली. 'आजही ती आली. तिच्या पावलांचा आवाज झाला नाही.' 'झाकण उचलून तिनं आत डोकावलं. कुणी काय टाकलं ते तिला बरोबर कळलं.' एका चित्रात मुलांच्या डोक्यांवरून फिरणारं पांढरं लांब बोट होतं. 'तिनं मोजलं. एक कमी आहे, ती म्हणाली.' सातव्या चित्रात काचेला टेकलेला चेहरा होता. चेहरा म्हणजे नुसते दोन डोळे. बाकी सगळं पांढरं.

"पुढचं शुक्रवारी!" बाई उत्साहानं म्हणाल्या.

गेन्ता म्हणाला, "बाई, शुक्रवारपर्यंत ती कुठं राहणार?"

बाईंनी गणिताची पुस्तकं काढायला सांगितली. तासाभरानं जेवण वाढायची पाळी असलेली तीन मुलं नेहमीसारखी पांढरा अंगरखा, पांढरी टोपी आणि तोंडाला पांढरं फडकं बांधून दारात उभी राहिली आणि वर्गात जो आकांत उसळला तो खालच्या पोस्टापर्यंत गेला. सूप जमिनीवर, गेन्ता बाकाखाली. वाढायला आलेली तिघंही किंचाळत होती, कारण त्यांनी एकमेकांकडे पाहिलं होतं.

मंगळवारी कुणी ताटात शीतही टाकलं नाही. मुळा बघून ज्यांना उमासे येत, त्यांनी मुळा मागून घेतला. शूला जायचं तर अकराजण रांगेनं जाऊ लागले. बुधवारी मिनोरीच्या आईची चिठ्ठी आली. 'मिनोरी आता कारलंसुद्धा खाते, आभारी आहे. पण ती घरातली माणसं मोजते आणि आकडा जुळत नाही म्हणते. कृपया लक्ष घालावे.'

गुरुवारी वर्गाच्या दाराशी भुताला अडवणाऱ्या मिठाचे अकरा ढीग होते. मुलांनी घरून बशा आणल्या होत्या. उपमुख्याध्यापक नुमाजिरी सर तणतणत आले.

"बाई, हे काय चाललंय? उद्या साहेब येतायत! उचला ते मीठ!"

"उचलते, सर."

सर दोन पावलं गेले आणि परत फिरले. "सगळं उचलू नका. एक बशी शिक्षकखोलीपाशी ठेवा."

त्या दिवशी हजेरी घेताना बाईंनी डोकी मोजली. अकरा. सहज पुन्हा मोजली तर बारा. तिसऱ्यांदा अकरा. चौथ्यांदा मोजायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी ठरवलं, बस्स, झालं एवढं पुरे, आत्ताच शेवट सांगून टाकावा. तेवढ्यात कुणीतरी त्यांची बाही ओढली. चिसे होती.

"बाई, एक कमी आहे म्हणजे कोण?"

सात महिन्यांत चिसेनं विचारलेला तो पहिला प्रश्न. बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "तूच शोधून लिही ना," त्या म्हणाल्या आणि शेवट त्यांनी गिळून टाकला.

शुक्रवारी धुकं इतकं उतरलं की खिडकीतून फाटक दिसेना. वीस शिक्षक मागे उभे. तोकिनागासाहेब पाकीट घेऊन मधोमध. चार चौकोनांचे कागद वाटले गेले आणि मग बाईंनी कधी न ऐकलेला आवाज ऐकला, अकरा पेन्सिली एकदम चालण्याचा. चिसेनं दुसरा कागद मागितला.

गेन्तानं पहिल्यांदा वाचलं. "मग ती नुमाजिरी सरांना खाते. सर फार बोलतात म्हणून तिला नंतर तहान लागते." मागे नुमाजिरी सरांनी हेही टिपून घेतलं.

मग चिसे उभी राहिली. आवाज बारीक, पण शेवटच्या भिंतीपर्यंत पोचणारा. "ती सगळ्यांना मोजते. पण स्वतःला मोजायची राहते. म्हणून रोज एक कमी येतो. ती रोज परत येते कारण तिला वाटतं आपलंच चुकलं. मग आम्ही तिला मोजलं. बारा झाले. तिला खुर्ची दिली. आता ती मोजत नाही."

तेवढ्यात दार सरकलं. आवाज झाला नाही. दारात पांढरा अंगरखा, पांढरी टोपी, तोंडाला फडकं, दोन डोळे. एक लांब बोट मुलांच्या डोक्यांवरून फिरलं.

"एक कमी आहे," ती म्हणाली.

वीस शिक्षित, अनुभवी, प्रमाणपत्रधारी माणसं एका सुरात किंचाळली. तोकिनागासाहेबांनी शेजारच्या बाईंच्या बाहीऐवजी हाती लागली ती फळी कवटाळली. मुलं मात्र जागची हलली नाहीत. चिसेनं बोटानं मोजलं, शेवटी दाराकडे बोट केलं, "बारा," म्हणाली आणि एक खुर्ची ओढून आणली. खुर्चीसमोर बाकावर एका लांब बोटांच्या हातानं वाफाळती वाटी ठेवली. मागच्या गोंधळात ती पांढरी आकृती कधी गेली ते कुणाला दिसलं नाही.

"झालं," गेन्ता म्हणाला. "बाई, आता शूला एकटा जाऊ?"

साहेबांनी घाम पुसला, पाकीट फोडलं आणि आठव्या चित्राच्या पाठीवरचा मजकूर वाचला. 'हात्सुएकाकू आपल्या शाळेच्या नव्या स्वयंपाकीण. पांढरी टोपी, तोंडाला फडकं, म्हणून त्यांचे फक्त डोळे दिसतात. कुणी उपाशी राहू नये, म्हणून त्या रोज वाट्या मोजतात.'

मग हशा. साहेब म्हणाले, "अहो, मग ही तर जेवणाची गोष्ट! आणि तुमच्या स्वयंपाकीणबाईंना काय नेमकं वेळेवर आत पाठवलंत! कमाल केलीत, कुसाकाबाई!"

"मी नाही पाठवलं," बाई म्हणाल्या.

नुमाजिरी सरांचा चेहरा भिंतीच्या रंगाचा झाला होता. "साहेब, आपलं स्वयंपाकघर बंद होऊन बावीस वर्षं झाली. जेवण गावातून गाडीनं येतं. गाडी अजून घाटातच आहे."

सगळ्यांनी वाटीकडे पाहिलं. वाफ निघत होती. मुलांना आता त्यात रस नव्हता. त्यांची गोष्ट संपली होती आणि ती एकमेकांचे कागद वाचून खिदळत होती. कुसाकाबाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी चिसेचे दोन्ही कागद छातीशी धरले.

तोकिनागासाहेबांना मात्र त्याच धुक्यातून, त्याच घाटानं, एकट्यानं गाडी हाकत घरी जायचं होतं. ते चिसेच्या बाकापाशी आले आणि गुडघे मोडून खाली बसले.

"बाळ, मला एक कागद मिळेल का?"

चिसेनं चार चौकोनांचा कागद दिला, टोक काढलेली पेन्सिल दिली. साहेबांनी घाईघाईनं शेवटच्या चौकोनात लिहायला घेतलं. चिसेनं त्यांचा हात धरून पहिल्या चौकोनावर आणला.

"असं नाही काका. आधी ती कोण ते लिहायचं."

"ते मला माहीत नाही गं."

"मग विचारा की त्यांना," चिसे त्यांच्या पाठीमागच्या खुर्चीकडे बघत म्हणाली. "जेवून झालंच आहे त्यांचं."

साहेबांनी मान वळवली नाही.