गंजलेल्या नळ्यांस हळद देण्याची पद्धत

गळती बंद करायची नसते, सांभाळायची असते, हे ज्याला वेळीच उमगले तो कुठल्याही पदावरून सुखाने निवृत्त होतो. आमचे शेजारी वेणीमाधवराव असेच निवृत्त झाले. पाण्याच्या पाइपलाइनींवर देखरेख करण्यात त्यांची बत्तीस वर्षे गेली आणि तेवढ्या काळात त्यांनी एकही पाइप बदलू दिला नाही (नव्या पाइपवर देखरेख करण्यासारखे काही उरत नाही, असे त्यांचे मत आहे).

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी घर-गाडी घेतली. म्हणजे व्हॅनच, पण आत पलंग, ओटा आणि बेसिन. हिचे इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे. त्यामुळे इंजिन थंड ठेवणारे पाणी दोन लांब लोखंडी नळ्यांतून गाडीच्या पोटाखालून ये-जा करते. नळ्या गंजलेल्या होत्या, आणि वेणीमाधवरावांना गाडी पाहताक्षणी आपलीशी वाटली ती बहुधा त्यामुळेच.

गाडी घेतली ती पत्नीसाठी, म्हणजे श्यामलावहिनींसाठी. त्यांची थोरली बहीण, अक्काबाई, इंदूरला असते. दारात स्वतःची गाडी असताना बसने जाणे शोभत नाही. म्हणून गाडी आल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, वहिनी इंदूरला गेलेल्या नाहीत.

रेडिएटरमध्ये हळद टाकली की ती भोकांत जाऊन बसते आणि गळती थांबते, ही माहिती नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका ट्रक ड्रायव्हरने पहिल्याच वर्षी दिली. ती खरी आहे. तिच्या अंमलबजावणीसाठी आम्हा शेजाऱ्यांची चार जणांची सल्लागार समिती झाली आणि सचिवपद माझ्याकडे आले. पद्धत सोपी होती. सकाळी सहाला नाशिक सोडणे, पिंपळगाव बसवंतला गाडीखाली वाकून चिंता व्यक्त करणे, चांदवडला गाडी तापली की थांबणे, निवल्यावर झाकण उघडून हळद देणे, आणि आता फार उशीर झाला असे ठरवून घरी परतणे. परतीच्या वाटेवर गाडी एकदाही तापली नाही. तिलाही नाशिक सोडवत नसावे.

अकरा वर्षांत अशी सात प्रस्थाने झाली. सातही वेळा चांदवड गाठले, म्हणजे यशाचे प्रमाण शंभर टक्के (इंदूर हे उद्दिष्ट न धरल्यास). हळद लागली पावणेचार किलो, त्यातली सव्वा किलो खास सांगलीची. घरचे वरण या काळात बऱ्याचदा पांढरे झाले. वहिनी काही बोलल्या नाहीत, त्यामुळे त्यांची संमती गृहीत धरली गेली.

यंदा अक्काबाईंना एक्क्याऐंशी पूर्ण झाली. सहस्रचंद्रदर्शनाचे ठरले आणि त्यांचा फोन आला. "श्यामे, या खेपेला ये. पुढचा कार्यक्रमही माझाच असेल, पण तेव्हा मला बोलता येणार नाही."

वहिनींनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "नळ्या बदला. नाहीतर मी बसने जाते."

बस हा शब्द त्या घरात प्रथमच उच्चारला गेला. समितीची तातडीची बैठक झाली. नव्या नळ्यांना हळदीचा अनुभव नसेल, हा माझा आक्षेप नोंदवून घेण्यात आला आणि गाडी द्वारकेजवळ इसाकभाईंच्या गॅरेजात गेली. इसाकभाई गाडीखाली शिरले, त्यांनी नळीला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला.

"काका, ह्याच्यात पाइप नाय राहिला," ते खालूनच म्हणाले. "आत हळद हे. लोखंडाचा नुसता वर्ख हे वरून."

पाच दिवसांत त्यांनी स्टीलच्या नळ्या टाकल्या, नवे रबरी होज लावले, रेडिएटर धुतला, हिरवे कूलंट भरून आतली हवा काढली. मग हात पुसत म्हणाले, "एक शब्द द्या. गरम असताना झाकण उघडायचं नाय, आन् कूलंटशिवाय आत काय टाकायचं नाय." सगळ्यांनी शब्द दिला. गाडीतली हळदीची बरणी वहिनींनी स्वतःच्या हाताने उतरवली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. पिंपळगाव गेले. चांदवड आले. तापमानाचा काटा मधोमध उभा होता.

वेणीमाधवरावांनी गाडी बाजूला घेतली. "काहीतरी चुकतंय," ते म्हणाले. "इथं काटा मधे कसा?"

काटा बिघडला आहे, यावर समितीचे एकमत झाले. वहिनी चहा सांगायला टपरीवर गेल्या होत्या. खात्री करण्यासाठी झाकण उघडले, तेव्हा गरम कूलंट कारंज्यासारखे उडून सगळे रस्त्यावर गेले. बेसिनचे पाणी भरले. हळद नव्हती. पण सचिव म्हणून माझे लक्ष चौफेर असते. वहिनींच्या पिशवीत ओवाळणीचे ताट होते आणि ताटात एक पुडी. मी ती पूर्ण रिकामी केली. हळद नव्या नळ्यांत भोके शोधत फिरली, एकही मिळाले नाही, तेव्हा रेडिएटरच्या बारीक जाळीत जाऊन बसली. इंजिन चालू ठेवून आम्ही वाट पाहिली. दहाव्या मिनिटाला गाडी तापली आणि सगळ्यांना हायसे वाटले.

वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलेच नाही, माझ्या पिवळ्या बोटांकडे पाहिले.

"भाऊजी, ती अक्काला ओवाळायची हळद होती."

मला वाईट वाटले. अगदी खरोखर वाटले, आणि कार्यवृत्तात तशी नोंद आहे. वहिनींनी पिशवी उचलली, रस्त्याकडे गेल्या आणि धुळ्याच्या एसटीला हात केला. रात्री त्यांचा इंदूरहून फोन आला. "पोचले," एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी अक्काबाईंना एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळले. हळद शेजारणीची होती.

या घटनेनंतर समितीतल्या एका सदस्याने लाजून राजीनामा दिला, त्यामुळे एक जागा रिकामी झाली. अर्ज मागवलेले नाहीत. अख्खी पुडी नको होती, नुसती चिमूटभर टाकली असती तर काय बिघडले असते, असे ज्यांना हे वाचताना एकदा तरी वाटले, त्यांची निवड झालेली आहे. येताना हळद आपापल्या घरची आणावी.