भाटकर काका आणि कॅनडातला मासा

भाटकर काका चहा ढवळत नाहीत, चहात आठ काढतात. इंग्रजी आठ. चमचा या कडेनं आत, मधे तिरका, त्या कडेला वळण आणि परत. कपात साखर नसते, डॉक्टरांनी बंद केलीय, तरी आठ चालू. सिग्नलला गाडी थांबली की त्यांचं बोट स्टिअरिंगवर आठ काढतं. ऑफिसात लिफ्टची वाट बघताना हातातला पाना हवेत आठ काढतो. परवा रिसेप्शनवरच्या मुलीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "अंकल को कुछ हुआ है क्या?"

झालंय एवढंच, की अंकल ऑक्टोबरात कॅनडाला मासा धरायला चाललेत.

मस्कतजवळ माबेल्यात आम्ही एकाच बिल्डिंगमधे राहतो आणि कुरुमला एकाच कंपनीत कामाला आहोत. काका एसी मेंटेनन्सचे सुपरवायझर, मी अकाउंट्सला. माझा नवरा बरकाच्या बाजूला नोकरीला, आमची गाडी तो नेतो. म्हणून रोज सकाळी मी काकांच्या गाडीत. खाली हॉर्न वाजतो आणि काच खाली करून हाक येते, "यल्ला बीकॉम, निघायचं?" मला या नावाचा राग येत नाही. आमच्या घरात ती पदवी पहिल्यांदा माझ्याच नावामागे लागली. कुणी चारचौघांत तिचा उल्लेख केला तर मी काही लाजत नाही.

तर मासा. त्याचं नाव मस्की. मगरीसारखा लांबडा, तोंडभर दात. काकांचा मुलगा निखिल तिकडे एका प्रचंड तळ्याजवळ राहतो. समोरचा काठ दिसत नाही, एवढं तळं. थंडी पडायच्या आधी, पानगळीच्या दिवसांत, हे मासे खाऊन खाऊन जाड होतात आणि तेव्हाच त्यांना धरायला जायचं असतं. निखिल गेल्या वर्षी फोनवर सहज म्हणाला होता, "आम्ही फ्रेंड्स जातो. कम सम टाइम, बाबा." आपण नाही का जाणाऱ्या पाहुण्याला म्हणत, या पुन्हा कधीतरी. पाहुणा हसतो आणि चप्पल घालतो. काकांनी दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला.

"आधी सिस्टिम समजून घ्यायची," हे काकांचं ब्रीद. एसी असो, व्हिसा असो, मासा असो. "ह्या माशाची सिस्टिम काय, बीकॉम? तो आमिषामागून बोटीपर्यंत येतो, बघतो आणि परत जातो. जसं आपले लोक साड्यांच्या दुकानात करतात. तर आमिष बोटीजवळ आलं की वर ओढायचं नाही. पाण्यातल्या पाण्यात आठ काढत राहायचं. एखाद्या वेळी त्याचं मन बदलतं." मला आधी खोटंच वाटलं. मग घरी शोधून वाचलं. अक्षरशः खरं होतं.

काकांनी काठी मागवली, रीळ मागवलं आणि बिल्डिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत सराव सुरू केला. गळाऐवजी दोरीला एक लाकडी मासा बांधलेला. पहिल्याच शुक्रवारी तो मासा दुसऱ्या मजल्यावरच्या केरळी कुटुंबाच्या बाल्कनीत शिरला आणि दोरीत गुरफटलेला उशीचा अभ्रा घेऊन खाली आला. आमचे घरमालक, काका त्यांना 'अर्बाब' म्हणतात, नेमके गाडीतून उतरत होते. ओमानी, पण हिंदी झकास. जन्म समुद्रावर गेलेला. त्यांनी अभ्रा बघितला, काठी बघितली, आणि शांतपणे म्हणाले, "सुधाकर, समंदर उदर है."

"मालूम है, अर्बाब. प्रॅक्टिस करता."

"प्रॅक्टिस क्या? सुरमई का सीझन खुलता है. मेरा बोट में आओ. एक घंटा, मछली खलास."

काका हसले आणि नको म्हणाले. मला नवल वाटलं. गुहागरकडचा माणूस, घरमालकाची बोट पुढे आलेली, ताजी सुरमई, आणि नको? काकूंना तर ते दिवसभर पचलं नाही.

काकूंना तशी ही मोहीमच पचलेली नाही. निखिलनं त्यांना सांगून टाकलं, की मस्की धरायचा, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा. काकू फोन ठेवून स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या. "सोडून? एवढं विमानानं जाऊन? आमच्याकडे मासा सोडतात तो फक्त कालवणात." मग माझ्याकडे वळून, "वैशाली, ह्या माणसाला मी बाजारात बांगडे आणायला पाठवलं तर कोळंबी घेऊन येतो. हा मगर धरणार."

सप्टेंबरात जाड जॅकेट आलं. बाहेर अजून रस्त्यावरचं डांबर मऊ होत होतं. काकांनी हॉलमधला एसी जितका खाली जातो तितका खाली नेला, जॅकेट, कानटोपी, हातमोजे चढवले आणि सोफ्यावर बसून बादलीत आठ काढू लागले. मी डबा द्यायला गेले होते. काकू शाल पांघरून भाजी निवडत होत्या. "बस," म्हणाल्या, "कॅनडा आहे आमच्याकडे आज."

उन्हाळा उतरतीला लागला की काका गाडीत गावाचं बोलतात. विमानतळ मागे पडला की सुरू. पोरपणी ते वडिलांबरोबर खाडीवर गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला जायचे. बांबूची काठी, तंगुसाची दोरी, गरीला म्हणजे गळाला गांडूळ. मिळायचं काय, तर शेंगटी, नाहीतर एखादी बोय. "आमचे अप्पा घरात बोलायचे नाहीत. जेवताना तर नाहीच. पण बांधावर बसलं ना, पाण्याकडे बघत बघत काय काय सांगायचे. ते मुंबईला गोदीत होते तेव्हाचं. लग्नाआधी कुणी मुलगी आवडली होती तिचं. माझ्याकडे बघायचे नाहीत हां. गरीकडे बघून बोलायचे."  मग, "कधी कधी आम्ही गांडूळ लावायलाच विसरायचो."

निखिलबद्दल ते एवढं बोलत नाहीत. ते मला काकूंकडून कळलं. निखिल इथल्याच शाळेत शिकला, तेव्हा हे लोक अल् घुब्र्याला राहायचे. मे ते सप्टेंबर सगळ्या मस्कतचे एसी बंद पडतात. काका मुलगा उठायच्या आधी जायचे, झोपल्यावर यायचे. निखिल शाळेत इंग्रजी बोलायचा, मित्रांशी इंग्रजी, घरी आईशी कामापुरतं मराठी. "बापलेकाचं भांडण कधीच नाही गं," काकू म्हणाल्या. "भांडायला तरी बोलावं लागतं." आता दर आठवड्याला फोन होतो. जेवलास का, हो. थंडी आहे का, आहे. बरं, आईला देतो.

गेल्या मंगळवारी सकाळी आम्ही हायवेला होतो. निखिलचा फोन आला. त्याच्याकडे झोपायची वेळ. काकांनी स्पीकरवर घेतला.

"बाबा, सरप्राइज आहे. आय गॉट अ गाइड. हाफ डे. मस्की नाही, दुसरा फिश, पण हंड्रेड परसेंट मिळतो. फोटो वगैरे सगळं. मग तू अँड आई फॉल्स बघा. मला त्या वीकमधे थोडं वर्क आहे."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. काकांचं उत्तर मला पाठ होतं. निखिल काहीही म्हणाला की ते म्हणतात, बरं.

"नको," काका म्हणाले.

"नको?"

"गाइड नको. दुसरा मासा नको."

"पण बाबा, मस्की इज इम्पॉसिबल. लोक होल डे बोटमधे बसतात. नथिंग हॅपन्स."

"म्हणूनच."

"म्हणूनच मीन्स?"

काकांनी गाडी उजवीकडच्या हळू लेनमधे घेतली. घसा खाकरला. "अरे, दहा मिनिटांत मासा लागला की काम खलास. फोटो काढा, घरी चला. मग तू तुझ्या लॅपटॉपवर, मी टीव्हीसमोर. हा लवकर लागत नाही. म्हणून तर मी हा धरला. तुला रजा नसेल तर एकच दिवस दे. पण अख्खा दे."

 

"अँड होल डे करणार काय, बाबा?"

"बसू."

"जस्ट सिट?"

"तू बोल ना. इंग्लिशमधे बोल, चालतं मला. आणि नसेल बोलायचं तर नको बोलूस. मी काय, बसेन."

 पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"ओके," निखिल म्हणाला. "ओके, बाबा. मी विचारतो ऑफिसमधे." मग हळू आवाजात, "ऑफिस इज... ॲक्चुअली इट्स नॉट गोइंग वेल. फॉर अ व्हाइल नाऊ. आईला नको सांगू."

काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, अगदी स्थिर. मागून एक टँकर हॉर्न देऊन डावीकडून निघून गेला. कुरुमची एक्झिट आली आणि गेली. गाडी सरळ रुवीच्या रस्त्याला लागली. काकांना दिसली नाही आणि मी दाखवली नाही. ऑफिसला मेसेज टाकला, उशीर होईल.

निखिल सांगत होता. भराभर, इंग्रजीत, मधेच अडखळत.

"थांब, थांब," काका म्हणाले. "हे नाही समजलं मला. परत सांग. सावकाश."