जावई मागून खोकतो

माझा जावई कासुले मला मान देतो, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मापाची. भाजीत मीठ घालावं तेवढा मान घालावा. या माणसानं अख्खी बरणी उपडी केली.

आम्हा युगांडातल्या बुगांडाच्या लोकांत सासूनं जावयाला शिवायचं नाही, शेजारी बसायचं नाही, नजरेला नजर द्यायची नाही. हे मीही पाळते. लेकीच्या लग्नाला आठ वर्षं झाली, जावयाचे बूट मी गर्दीतही ओळखीन. पण मला न्यायला दार-एस-सलामहून मसाकाला माझ्या घरी आलेला माणूस एन्टेबेच्या विमानतळापर्यंत माझ्या गाडीत बसला नाही. मी मोटारीत, आणि हा मागून भाड्याच्या मोटारसायकलवर, धूळ खात. उतरला तेव्हा भुताच्या वरातीतून आल्यासारखा दिसत होता.

जायचं होतं ते नातवासाठी. माझ्या नासोलोला आठ वर्षांनी मुलगा झाला आणि रविवारी सकाळी त्याचा बाप्तिस्मा. पाद्रीबाबांपुढं बाळाला कुठल्या आजीनं धरायचं, यावरून दोन्ही घरांत महिनाभर फोन वाजत होते. मी जिंकले. पण विहीणबाई आधीच तिथं जाऊन पाय पसरून बसल्या होत्या. फोनवर मधाळ आवाजात म्हणाल्या, "या हो सावकाश. विमानाचं काय सांगावं? नाहीच जमलं तर मी आहेच."

मी आहेच! ऐकून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. नैरोबीला विमान बदलायचं होतं, आणि तिथून पुढं जाणारं ते शनिवारचं शेवटचं विमान. ते चुकलं की बाळ विहिणीच्या हातात.

एन्टेबेला विमानात चढलो, तर दोघांच्या जागा शेजारी शेजारी. कासुले असा दचकला, जणू खुर्चीत नाग बसलाय. त्यानं हवाईसुंदरीपुढं चक्क गुडघे टेकले आणि सगळ्यात मागची, संडासालगतची जागा मागून घेतली. माझ्या शेजारी एक गुबगुबीत व्यापारी आला आणि नैरोबीपर्यंत माझ्या खांद्यावर घोरला. परका माणूस चालतो, जावई चालत नाही. माझा पासपोर्ट आणि पुढच्या विमानाचा पास मात्र जावयाच्या खिशात, संडासाशेजारी.

नैरोबीला मी पुढच्या दारानं आधी उतरले आणि बसमध्ये जाऊन उभी राहिले. कासुले शेवटी आला. बस भरत आली होती. तो पायरीपाशी थबकला.

"चढा की साहेब, जागा आहे!" ड्रायव्हर ओरडला.

"नको. आत आमच्या आई आहेत."

"मग तर चढाच!"

"म्हणूनच नको."

ड्रायव्हरनं दार लावलं आणि बस सुटली. मी पुढं, जावई विमानापाशीच, माझे कागद त्याच्या खिशात.

आत गेले तर एवढा लांब रस्ता आणि दोन्ही बाजूंना नुसती दुकानं. अत्तर, दारू, लाकडाचे जिराफ. विमान कुठंय ते सांगणारं कुणी नाही. तेवढ्यात नासोलोचा फोन.

"आई, कुठं आहेस तू?"

"जिराफांपाशी. तुझा नवरा कुठंय?"

"तो आलाय दुसऱ्या बसनं. तुझ्या मागंच आहे, खांबाआड."

"मग पुढं होऊन वाट दाखवायला काय होतंय त्याला?"

"तो म्हणतो, आईंना पाठ कशी दाखवू?"

"अगं, मग शेजारून चालू दे!"

"आई! काहीतरीच काय?"

"बरं बरं. आता करायचं काय?"

"तो मागून खोकेल. एकदा खोकला की डावीकडं वळ, दोनदा खोकला की उजवीकडं."

पद्धत चांगली होती. त्या विमानतळावर कासुले एकटाच खोकणारा असता, तर आणखी चांगली झाली असती. एक खोकला, डावीकडं. दोन खोकले, उजवीकडं. जिना आपोआप चालत होता, तोही मी सणाच्या गोमेसीचा, आमच्या पायघोळ झग्याचा, घोळ सावरत पार केला. मग कुठून तरी दणदणीत दोन खोकले आले. मी ताठ मानेनं उजवीकडं वळले आणि सरळ पुरुषांच्या मुतारीत शिरले.

"आई, हे पुरुषांचं आहे," भिंतीकडं तोंड करून उभा असलेला एकजण कळवळून म्हणाला.

"दिसतंय मला. तुम्ही आपलं चालू द्या."

बाहेर आले तर एक गोरा म्हातारा नाक पुसत उभा. खोकला त्याचा होता. आणि पलीकडच्या खांबाआड माझा जावई एकेकदा खोकून खोकून दुमडला होता.

पुढं सामानाची तपासणी. तिथं एका धिप्पाड वर्दीवाल्यानं हात आडवा केला. त्यांची स्वाहिली मला समजते, पण मी ती बोलत नाही. आमच्या लहानपणी ती भाषा शिपाई आणि चोरच बोलायचे. आज शिपाई समोर उभा होता, म्हणून बोलले.

"पास?" तो म्हणाला.

"मागं आहे."

"मागं कुठं?"

"त्या खांबाकडं."

कासुले तिरका तिरका, खेकड्यासारखा पुढं आला. कागद माझ्या हातात द्यायची सोय नव्हती. त्यानं ते लांबूनच माझी पिशवी ठेवलेल्या टोपलीत टाकले आणि उलट्या पावली सुटला.

"ए! पकडा त्याला!"

दोघांनी त्याचे दंड धरले. वर्दीवाला माझ्याकडं वळला. "बाई, हा माणूस मघापासून तुमच्या मागावर आहे. तुम्ही थांबलात की थांबतो, लपतो, खोकून कुणाला तरी खुणा करतो. आता सामानात काहीतरी टाकून पळत होता. ओळखता याला?"

"जावई आहे माझा."

"नक्की? नीट बघून सांगा."

"बूट त्याचेच आहेत."

"बूट नको! तोंड बघा!"

"तोंड मी कधी बघितलेलं नाही."

वर्दीवाल्यानं एक उसासा टाकला. "किती दिवसांचा जावई?"

"आठ वर्षांचा."

"घ्या याला आत."

"साहेब," कासुले जमिनीकडं बघत म्हणाला, "मला हवं तेवढं ठेवा. पण आईंना जाऊ द्या. त्यांचं विमान चुकेल."

बरं वाटलं ऐकून, खोटं कशाला बोलू? कागद आता माझ्याकडंच होते. एकटी निघाले असते. पण विहिणीला काय सांगायचं? तुमचा मुलगा पोलिसांत देऊन आले, आता बाळ माझ्याकडं द्या? आणि खोकणारा आत गेल्यावर मी वळायचं कुणीकडं?

तोंड बघायचं म्हटलं तर तिथंही काटा होता. हा नियम मोडणाऱ्याचे हात कायमचे थरथरू लागतात असं आमच्याकडं मानतात. कापऱ्या हातांच्या म्हातारीकडं बाळ कोण देणार? विहीण तर टपलेलीच.

तेवढ्यात वरून आवाज आला: दार-एस-सलामच्या प्रवाशांना शेवटची सूचना.

मी पुढं झाले, जावयाची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडं फिरवलं. चांगलं होतं. कान जरा जास्त झाले होते, पण एकंदरीत पोरीनं फसवून घेतलं नव्हतं.

"हाच," मी म्हणाले. "सोडा."

वर्दीवाल्यानं सोडला. मी त्याचं मनगट पकडून धावत सुटले. मागून त्याचा खोकला सुरू झाला.

"खोकू नका हो आता! तोंडानं बोला! कुठं?"

"उ... उजवीकडं, आई!"

दारावरची पोरगी दोरी लावतच होती. मी दोरीखालून, तो दोरीवरून. जागा मिळेल तिथं बसलो, म्हणजे शेजारी शेजारीच.

दम लागला होता, पण मी आधी दोन्ही हात पुढं धरून बघितले. पाट्यावरच्या वरवंट्यासारखे स्थिर. मग शेजारून खडखड ऐकू आली. कासुले पट्टा लावत होता आणि त्याच्या हातात बक्कल असं थडथडत होतं की पुढची बाई वळून बघायला लागली. मी वाकून त्याचा पट्टा लावला आणि त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाले,

"जावईबुवा, शापानं घर बरोबर शोधलंय. माझं नव्हे, तुमचं. तेव्हा उद्या बाळ मीच धरणार. तुम्ही हात लावायचा नाही. आणि तुमच्या आईंनी तर नाहीच नाही. रक्त एकच, उगीच पोराला धोका कशाला?"